आधीं वर्तुळ, मग बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशींची गोष्ट. सकाळीं कुंभारवाड्यांतून मातीच्या बैलांची जोडी घरीं आली होती आणि आमची नऊ वर्षांची नात ती पाटावर मांडून वहींत बैल काढावयास बसली होती. मी वर्तमानपत्र वाचतां वाचतां एक डोळा तिकडे ठेवून होतों. प्रथम तिनें बैलाचा डोळा काढला, पापण्यांसकट. मग शिंगें काढलीं व शिंगांना गोंडे बांधले. मग मान काढली, पाठीची रेघ ओढली, आणि शेंपटापाशीं येतांच कागद संपला. मागच्या पायांना जागाच उरली नाहीं. ते तिनें पोटाखालीं कसेबसे कोंबले. क्षणभर त्या विचित्र प्राण्याकडे पाहून ती रबरानें सारें पुसूं लागली. कागद फाटला. पेन्सिल फेकून ती म्हणाली, "आजोबा, मला चित्र येतच नाहीं."

हें वाक्य आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं आपल्या घरीं ऐकलें असेल; आणि खरें बोलावयाचें तर पुष्कळांनीं लहानपणीं स्वतः उच्चारलेंही असेल. गाणें येत नाहीं असें म्हणणारा निदान चार दिवस सूर लावून पाहतो. चित्र येत नाहीं हा निकाल मात्र पहिल्या फाटलेल्या कागदाबरोबर लागतो व तो जन्मभर कायम राहतो. म्हणून या महिन्यास आम्हीं हाच विषय घेतला आहे: जनावराचें चित्र काढावयास मूल कसें शिकतें, आणि शिकतां शिकतां आपण मोठीं माणसें त्याला कोठें अडवितों.

नातीची चूक हाताची नव्हती, क्रमाची होती. तिनें घर बांधावयास घेतलें तें खिडकीच्या नक्षीपासून. जो कुंभार तो मातीचा बैल घडवितो, तो काय करितो हें आठवावें. तो आधीं मातीचा एक लांबट गोळा घेतो, तें धड. त्यालाच चिमटून चार पाय ओढतो, वर बोटांनीं दाबून वशिंड उभें करितो, पुढें लहानसा गोळा लावून डोकें करितो. शिंगें शेवटीं येतात. आणि डोळा म्हणजे काडीनें टोंचलेलें एक भोंक. तरीही तीन वर्षांचें पोर त्याला पाहून बैलच म्हणतें, कुत्रा म्हणत नाहीं. कारण जनावराची ओळख त्याच्या डोळ्यांत नसून घडणींत असते; कोणता भाग केवढा, आणि कोणता कोणास कोठें जोडलेला, यांत असते. कुंभार मातीनें जें करितो तेंच पेन्सिलीनें करावयाचें, एवढीच ही विद्या.

तिचा पहिला पाठ असा. कागद आडवा धरावा. मध्यभागीं अगदीं फिकट हातानें, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, दोन अंडाकृति काढाव्या. पुढची मोठी व उभट, ती छाती. मागची किंचित् लहान, तो पुठ्ठा. दोहोंना वरून एक व खालून एक अशा दोन रेषांनीं जोडावें. वरची रेषा पाठीची, ती बहुधा सरळ. खालची पोटाची, ती थोडी झोळीसारखी. पुढच्या अंडाकृतीच्या माथ्यावर अर्धें वर्तुळ बसवावें; तें वशिंड. तेथून पुढें निमुळता होत जाणारा नळा ही मान; आणि मानेच्या टोंकाशीं एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद अशी पाचर हें डोकें. पाय म्हणजे तूर्त चार काठ्या, सांध्याच्या जागीं एकेक ठिपका दिलेल्या. इतकें होईपर्यंत डोळा, शिंग, झूल, घुंगुरमाळ यांचें नांवही काढावयाचें नाहीं. बैल कागदावर मावला कीं नाहीं हें येथेंच कळतें. आणि न मावला तर अर्ध्या मिनिटाचें काम पुसावें लागतें, अर्ध्या तासाचें नाहीं. मुलाचें रडें वांचतें तें यामुळें.

मापासाठीं पुस्तक नको. हात ताठ लांब करून पेन्सिल डोळ्यांसमोर उभी धरावी, एक डोळा मिटावा, आणि समोरच्या बैलाचें डोकें पेन्सिलीवर अंगठ्यानें मोजून घ्यावें. मग तें माप पाठीवर किती वेळां बसतें, पायांवर किती वेळां बसतें, हें पाहावें. मुलाला हा खेळ फार आवडतो, आणि खेळतां खेळतां त्याचा डोळा तयार होतो.

पायांच्या ठिकाणीं मात्र लहान मोठीं सारखींच फसतात. बैलाच्या पुढच्या पायाला मध्यें जो सांधा दिसतो त्यास आपण गुडघा म्हणतों. शरीररचनेच्या दृष्टीनें तें त्याचें मनगट आहे. मागच्या पायाला मागच्या अंगास जो कोपरा येतो ती त्याची टांच. त्याचा खरा मागचा गुडघा वर, पोटाच्या लगत असतो. म्हणजे बैल सारा जन्म टांचा उचलून, बोटांच्या टोंकांवर चालतो. खूर हें त्याच्या बोटाचें नख. त्याचीं दोन बोटें भुईला टेकतात म्हणून खूर दुभंगलेला, घोड्याचें एकच टेकतें म्हणून त्याचा खूर अखंड. हें मीं नातीला ओणवा होऊन, टांचा उचलून, प्रत्यक्ष करून दाखविलें. ती पोट धरधरून हंसली खरी. पण त्यानंतर तिनें मागचा पाय कधीं उलट वांकविला नाहीं.

एकदां हे दोन गोळे, नळा व पाचर हातीं आलीं कीं दुसऱ्या जनावरांसाठीं दुसरी विद्या लागत नाहीं. प्रमाण तेवढें बदलावयाचें. वशिंड काढून टाकावें, मान लांब करून वर उचलावी, पोट आवळावें, कीं घोडा होतो. छाती खोल ठेवून कंबर बारीक केली कीं कुत्रा. दोन्ही गोळे जवळजवळ सारखे करून मधला भाग पिशवीसारखा लवचिक ठेवला कीं मांजर. आणि तें चुलीपाशीं बसलें असेल तर मोठ्या गोळ्यावर लहान गोळा ठेवला कीं झालें. सशाचा मागचा गोळा पुढच्याहून मोठा, म्हणून तो उडी मारावयास सदा तयार दिसतो. हत्तीचे पाय खांबासारखे. त्याचा मागचा गुडघा खालीं असल्यामुळें तो पाय बैलासारखा न दिसतां माणसासारखा पुढच्या बाजूस वांकतो. कोंबडीला तर एक अंडें पुरे, आणि तें तिच्याच घरचें.

मी आयुष्यभर संस्कृत शिकविलें, तेव्हां मला यांत व्याकरण दिसलें तर वाचकांनीं क्षमा करावी. पाणिनि आपल्या सुमारें ४००० सूत्रांत तयार शब्दांची रास ओतीत नाहीं. तो धातु देतो, प्रत्यय देतो, आणि जोडणीचे नियम देतो. शब्द आपण सिद्ध करावयाचा. त्यांतही मौज अशी कीं, तो कांहीं अक्षरें केवळ खुणेपुरतीं जोडतो. त्यांना 'इत्' अशी संज्ञा आहे. तीं आपलें काम करितात आणि लोप पावतात. 'भू' धातूला 'क्त' प्रत्यय लागून 'भूत' शब्द होतो. त्या शब्दांत प्रत्ययाचा ककार कोठेंही दिसत नाहीं. पण 'भू'मधील ऊकाराचा ओकार होऊं न देणारा तोच. फिकट हातानें काढलेलें पहिलें वर्तुळ हा चित्रांतला 'इत्' होय. चित्र पुरें झाल्यावर तो पुसला जातो, आणि पाहणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाहीं. परंतु बैल बैलासारखा उभा राहिला तो त्याच्याच आधारावर.

ही युक्ति कोणा एका देशाची नव्हे. तेराव्या शतकांत फ्रान्समध्यें विलार द ऑनकूर या नांवाच्या कारागिराची एक वही होती, ती आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे; तींत माणसांच्या व जनावरांच्या आकृतींत त्रिकोण व चौकोन आंखून त्या कशा उभाराव्या हें दाखविलें आहे. जपानचा प्रसिद्ध चित्रकार होकुसाई यानें १८१२ सालीं झटपट चित्र काढावयास शिकविणारें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत वर्तुळें व चौकोन यांतून प्राणी, पक्षी व माणसें उभीं केलीं आहेत. फ्रेंच चित्रकार सेझान यानें १९०४ सालीं आपल्या एका तरुण मित्रास पत्र लिहून निसर्गाकडे नळा, गोल व शंकु या रूपांनीं पाहण्याचा सल्ला दिला, आणि त्या एका सल्ल्याचा पुढील पिढीच्या चित्रकलेवर मोठा परिणाम झाला.

आपल्याकडेही शोधावयास दूर जावें लागत नाहीं. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं कांस्याचा हत्ती, गेंडा, रेडा व बैल जुंपलेला रथ सांपडला. हजारों वर्षांपूर्वींचीं तीं जनावरें पाहिलीं म्हणजे कारागिरानें आधीं भरीव धड व खुंटासारखे पाय डोळ्यांपुढें आणले असावेत असें वाटतें. वारली लोकांच्या भिंतींवर टोंकाला टोंक लावलेल्या दोन त्रिकोणांचा माणूस नाचतो. ती कला जगापुढें नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली व २०१८ सालीं ते निवर्तले. आणि आमच्या घरांतल्या बायका चैत्रांगण काढतात तेव्हां कासवाला एक वर्तुळ व चार पाय, नागाला एक वळसा, याहून अधिक काय खर्च करितात? ज्या आजीला 'मला चित्र येत नाहीं' असें वाटतें, तिच्याच चिमटींतून दरसाल हत्ती उतरतो. फक्त त्याला ती चित्र म्हणत नाहीं.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत एका खांबाच्या माथ्यावर चार हरणें कोरलेलीं आहेत. चौघांस मिळून डोकें एकच आहे, आणि ज्या धडाकडून पाहावें त्याचेंच तें वाटतें. धड, मान व डोकें हे भाग वेगवेगळे कसे उभे राहतात व कोठें जुळतात हें ज्याला पुरतें उमगलें आहे, त्यालाच अशी थट्टा साधते. पहिला पाठ आणि असली कारागिरी यांच्यामधलें अंतर फार मोठें आहे. पण रस्ता एकच आहे.

येथवर सांगितलें तें सोपें. आतां अवघड सांगावयाचें आहे. वात्स्यायनाच्या ग्रंथावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. त्यांत 'प्रमाण' हें एक अंग आहे आणि 'सादृश्य' हें दुसरें. वर्तुळें व पाचरी यांनीं प्रमाण साधतें. पण कोणाचें सादृश्य? गोळे जोडून झालेला बैल कोणाचाच बैल नसतो. तो अमक्याचा बैल व्हावयाचा तर अमक्याच्या दावणीपाशीं जाऊन उभें राहावें लागतें. हें मी आज मोठ्या ज्ञानीपणानें लिहीत आहें. पण तें मला एका मुलानें शिकविलें आणि मीं तें शिकण्यास फार उशीर केला.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका खेड्यांतल्या शाळेंत मी होतों. चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून तो तास माझ्या गळ्यांत आला. मला चित्रकलेंतलें कांहींच येत नव्हतें. कपाटांत बैलाचा एक छापील तक्ता होता. तो मीं फळ्यावर टांगला आणि 'हुबेहूब असा काढा' म्हणून वर्गाला सांगितलें. तक्त्यावरचा बैल गुबगुबीत होता, मान ताठ होती, चारी पाय टेबलाच्या पायांसारखे होते. आमच्या नांदेड-लातूरकडे जे बैल प्रसिद्ध आहेत त्यांपैकीं तो कोणताच नव्हता. गडद तांबड्या अंगाचा लाल कंधारी नव्हता, कीं पुढें आलेल्या कपाळाचा व लोंबत्या कानांचा, पांढऱ्यावर काळें मिरविणारा देवणी नव्हता. देवणींतही वानेरा, बाळंक्या व शेवरा असे प्रकार रंगावरून शेतकरी ओळखतो. मला तेव्हां तेंही ठाऊक नव्हतें.

एका मुलाने वेगळाच बैल काढला. मान खालीं घातलेली, पुढचा एक पाय मुडपून खुराच्या टोंकावर ठेवलेला, पुठ्ठ्याचीं हाडें वर आलेलीं, आणि खांद्यावर जुवाचा घट्टा. मीं विचारलें, "हें काय काढलेंस?" तो म्हणाला, "गुरुजी, आमचा बैल औतावरून सुटला की असाच उभा राहतो." मीं तें चित्र उंच धरून साऱ्या वर्गाला दाखविलें आणि म्हटलें, "तक्ता पाहा आणि हें पाहा." वर्ग हंसला. तांबड्या शाईनें मीं खालीं लिहिलें, 'चूक. तक्त्याप्रमाणें काढ.' त्या दिवसापासून चित्रकलेच्या तासाला तो मुलगा कोरी वही पुढें ठेवून बसूं लागला. मीं त्याला हट्टी म्हटलें.

त्या वर्गांत चाळीसांवर मुलें होतीं. बाकीच्यांनीं तक्ता पाहिला होता; बैल त्या एकट्यानें पाहिला होता. मीं त्यांना सिद्ध झालेलें रूप दिलें, तें सिद्ध कसें होतें हें सांगितलें नाहीं. आणि ज्यानें तें आपल्या आपण सिद्ध केलें, त्याला शिक्षा केली. व्याकरणाच्या तासाला मी असें कधींच केलें नसतें.

तो मुलगा आतां शेती करितो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या आहेत, पण त्यानें आपली जोडी ठेवली आहे. यंदा पोळ्याच्या संध्याकाळीं तो ती घेऊन आमच्या दारीं आला. घरांतल्या मंडळींनीं बैलांना ओंवाळलें, पुरणपोळी चारली. नात वही घेऊन ओट्यावर बसलीच होती. दोन गोळे, वशिंड, पाचर अशी तिची मांडणी झाली, आणि मग ती मान वर करकरून खरा बैल पाहूं लागली. तो तिच्या मागें उभा राहून पाहत होता. थोड्या वेळानें तो म्हणाला, "ताई, ह्याचं डावं शिंग जरा खाली हाय. अन् ह्यो उजव्या पायावर भार देतो, डावा ढिला सोडतो." तिनें पाहिलें, तसेंच होतें. तिनें शिंग खालीं आणलें, पाय सैल केला; आणि आतांपर्यंत जो नुसता बैल होता तो त्याचा बैल झाला.

मीं पेन्सिल त्याच्यापुढें केली. म्हटलें, "तूंच काढून दाखव तिला." त्यानें दोन्ही हात मागें घेतले आणि हंसून म्हणाला, "नाही गुरुजी. मला चित्र येत नाही."

तेंच वाक्य. फरक इतकाच कीं नातीला तें तिच्या फाटलेल्या कागदानें शिकविलें होतें, आणि त्याला मीं शिकविलें होतें. मीं नातीच्या देखत त्याला सांगितलें, "तूं वर्गांत काढलेला बैल बरोबर होता. चूक माझी होती." तो कांहीं वेळ कासरा हातांत सारखा करीत राहिला. मग म्हणाला, "त्याला लई दिवस झाले की, गुरुजी," आणि जोडी घेऊन पुढल्या दारीं गेला. पेन्सिल त्यानें घेतली नाहीं.

म्हणून आईबापांस व आजीआजोबांस चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करितों. मुलाच्या कागदावर आपण हात चालवूं नये. दाखवावयाचें असेल तें आपल्या वेगळ्या कागदावर काढून दाखवावें. पहिल्या फिकट रेषा पुसण्याची घाई करूं देऊं नये. त्या चुका नसून आधार आहेत. रंग भरावयाच्या पुस्तकांत आणि मोबाईलवर बैल आयता मिळतो, पण तो माझ्या तक्त्याचाच भाऊ. मुलाला आठवड्यांतून एकदां तरी खऱ्या जनावरासमोर बसवावें, मग तें अंगणांतलें मांजर कां असेना. आणि मुलाचें चित्र तक्त्याहून वेगळें आलें तर हंसण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: "तूं हें कोठें पाहिलेंस?" शासकीय रेखाकला परीक्षेंत वस्तुचित्र व स्मरणचित्र असे विषय असतात, आणि परीक्षेच्या गुणांसाठीं पुष्कळ घरीं आतां चित्रकलेची आठवण होते, तें चांगलेंच आहे. पण समोरची वस्तु नीट पाहणें आणि पाहिलेली नीट आठवणें हे दोन गुण परीक्षेनंतरही माणसाला लागतात.

नातीनें तें चित्र देवघराच्या भिंतीवर लाविलें आहे. पुढच्या पोळ्याला तो आला म्हणजे पेन्सिल पुन्हां पुढें करावी असें मीं मनांत धरलें आहे. तो घेईलच असें नाहीं. पण पुढें करणें माझ्याकडे लागतें.